नुसत्या लिंकला शून्य पॉइंट

फोरम थंडावला की स्टाफच्या खासगी विभागात कुणीतरी हमखास लिहितं, "जाहिरात-स्पर्धा घेऊया का?" लगेच दोघंतिघं होकार देतात, कुणी बक्षिसांची यादी टाकतं, कुणी बॅनर करायला बसतं, आणि फोरम मुळात का थंडावला हा प्रश्न तसाच राहतो. मी एका रोलप्ले फोरमची ॲडमिन आहे. मेंबरांनी फोरमची जाहिरात करायची आणि त्याचे पॉइंट मिळवायचे, अशा स्पर्धा मी चालवल्यात, दुसऱ्यांच्या फोरमवर मेंबर म्हणून त्यांत उतरलेय, आणि रात्री जागून लोकांचे पॉइंटही मोजलेत. पुढच्या स्पर्धेचे नियम आत्ता लिहायला घेतलेत, तर डोक्यात जे घोळतंय ते इथे उतरवून ठेवते.

लेखी रोलप्ले ज्यांनी केलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमच्याकडे एक काल्पनिक बंदर आहे, अर्धं समुद्रानं गिळलेलं. प्रत्येक मेंबर तिथलं एखादं पात्र घेतो आणि फक्त त्याच पात्राचं बोलणं-वागणं लिहितो. मी एक पोस्ट लिहिली की समोरच्याची पाळी, त्यानं लिहिली की माझी. दुसऱ्याच्या पात्राला परस्पर हलवायचं नाही, हा पहिला नियम. त्यामुळे समोरचा गप्प झाला की गोष्ट तिथेच अडते. माझं पात्र दार ठोठावून उभं असतं आणि दार उघडणारा माणूस परीक्षा, नोकरी, बाळंतपण किंवा निव्वळ कंटाळा यांपैकी कशात तरी अडकलेला असतो.

ऑनलाइन समुदायांबद्दल जेकब नील्सननं २००६ मध्ये एक ढोबळ सूत्र मांडलं होतं: शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून काहीतरी लिहितात आणि एकजण बहुतेक सगळं लिहितो. बातम्यांच्या किंवा पाककृतींच्या साइटला हे परवडतं. आमच्याकडे नुसत्या वाचणाऱ्याचं स्वागतच आहे, पण तो माझ्या पात्राला दार उघडत नाही. म्हणून "या महिन्यात किती जण आले" हा आकडा मला फारसा भुरळ घालत नाही. आलेल्यांपैकी कुणाच्या पोस्टला कुणी उत्तर दिलं आणि त्या उत्तराला परत उत्तर आलं का, एवढंच मी बघते.

ही अडचण इंटरनेटच्या आधीची आहे. 'डिप्लोमसी' हा बोर्डगेम १९५९ साली आला. त्याला सात खेळाडू लागतात, आणि एका खोलीत सात माणसं जमवणं किती अवघड असतं ते वेगळं सांगायला नको. १९६३ मध्ये जॉन बोर्डमननं तो 'ग्राउस्टार्क' नावाच्या छोट्या पत्रिकेतून टपालानं खेळवायला सुरुवात केली. पुढे अशा पत्रिकांची रांगच लागली. नवा डाव सुरू करायचा तर सात नावं जमेपर्यंत थांबायचं, त्यासाठी पत्रिकेत प्रतीक्षायादी छापायची, आणि ज्याची चाल वेळेत आली नाही त्याच्या नावापुढे 'एनएमआर' असा शेरा मारायचा. म्हणजे 'नो मूव्ह्ज रिसीव्ह्ड', चाल मिळालीच नाही. सारखे एनएमआर येऊ लागले की त्याच्या जागी राखीव खेळाडू बसवायचा. आमच्या मॉड्सची, म्हणजे फोरमवर देखरेख करणाऱ्यांची, 'गायब मेंबर' यादी मी उघडते तेव्हा मला त्या शेऱ्याचीच आठवण येते.

आता स्पर्धा सहसा कशी चालते ते सांगते. मुदत दोन आठवडे किंवा महिना. मेंबरांनी फोरमची ठरलेली जाहिरात, म्हणजे बॅनर, दोन ओळी आणि लिंक असा बीबीकोडचा (फोरमवर मजकूर सजवायच्या खुणांचा) तुकडा, इतर रोलप्ले फोरमवर नेऊन टाकायची. बहुतेक फोरमवर त्यासाठी पाहुण्यांना खुला असलेला वेगळा विभाग असतो. पहिल्यांदा आलात तर एका ठिकाणी टाकायचं, त्यांनी आपल्याकडे जाहिरात टाकली असेल तर तिची परतफेड दुसऱ्या ठिकाणी, आणि कायमची मैत्री करायची असेल तर अॅफिलिएटचा अर्ज तिसऱ्या ठिकाणी. टाकलेल्या प्रत्येक जाहिरातीची लिंक आणून आमच्या स्पर्धेच्या थ्रेडमध्ये (एकाखाली एक पोस्टांच्या मालिकेत) चिकटवायची. प्रत्येक लिंकला एक पॉइंट, फोरमची यादी देणाऱ्या डिरेक्टरीत नोंद केली तर दोन, मतांवरून फोरमचा क्रम लावणाऱ्या टॉपलिस्टवर रोज मत दिलं तर रोजचा अर्धा. शेवटी ज्याचे पॉइंट जास्त त्याला नावाखाली खास पदवी, प्रोफाइलवर बिल्ला, कधी एक जादा पात्र घेण्याची परवानगी.

यातून काय मिळतं? लिंका मिळतात, आणि भरपूर मिळतात. एखादी उत्साही मेंबर एका संध्याकाळीत चाळीस-पन्नास जागी जाहिरात टाकून येते. पण त्या विभागात जातं कोण? दुसऱ्या फोरमची जाहिरात टाकायला आलेली दुसरी उत्साही मेंबर. ती वरचं काही वाचत नाही, खाली आपला तुकडा चिकटवते आणि निघून जाते. सगळेच पत्रकं वाटायला आलेत आणि घ्यायला कुणीच नाही, अशी ती जत्रा असते.

वर परतफेडीची रीत आहेच. आपण पन्नास जागी टाकलं की त्यांतले निदान वीस जण सभ्यपणे आपल्याकडे येऊन त्यांची जाहिरात टाकतात. मग मुखपृष्ठावरच्या 'ताज्या पोस्ट' या चौकटीत आपल्या बंदराचं नावनिशाण उरत नाही, नुसत्या व्हॅम्पायर अकादम्या आणि अंतराळयानं दिसतात. एकूण पोस्टांचा आकडा मात्र टुणकन वर उडी मारतो आणि स्टाफ खूश होतो. (यावर उपाय सोपा आहे. जाहिरात विभागातल्या पोस्ट मोजणीत धरायच्या नाहीत आणि 'ताज्या पोस्ट'मधून तो विभाग वगळायचा. सेटिंगमध्ये दोन खुणा कराव्या लागतात. तरी कितीतरी फोरमवर हे केलेलं नसतं.)

लिंक मोजण्याची आणखी एक कटकट म्हणजे तपासणी. थ्रेडमध्ये चिकटवलेली प्रत्येक लिंक उघडून बघावी लागते. तोवर निम्म्या जाहिराती त्या त्या फोरमच्या साफसफाईत उडालेल्या असतात. मग वाद: टाकली होती, आता दिसत नाही, पॉइंट द्यायचा की नाही? एकाच फोरमवर तीन वेगळ्या विभागांत टाकली तर तीन की एक? आणि एकदा का पहिल्या दोघांत चुरस लागली की जाहिरात विभागाची हद्द सुटते. लोक दुसऱ्यांच्या गप्पांच्या थ्रेडमध्ये लिंक सोडतात, तिथल्या मेंबरांना खासगी मेसेज करतात. तिथले मॉड बॅन करतात त्या मेंबरला, पण लक्षात ठेवतात आपल्या फोरमचं नाव. या जगात ॲडमिन एकमेकांना ओळखतात. 'त्यांची माणसं आमचे लेखक पळवतात' अशी एकदा कुजबूज झाली की ती पुसायला वर्षं जातात.

माझा सगळ्यात मोठा आक्षेप मात्र वेगळाच आहे. प्रत्येक फोरमवर एकदोन माणसं अशी असतात की जी कुणी न सांगता, केवळ जीव लावलाय म्हणून, ओळखीच्या लेखकांना हळूच म्हणतात, "इथे येऊन बघ." आमच्याकडे अशी एक आहे. तिचं पात्र दीपगृहाची राखणदार. स्पर्धेत ती सातवी-आठवी यायची, कारण लिंका गोळा करत फिरणं तिला जमत नाही. अशा एका स्पर्धेनंतर तिनं कुणाला आणणंच थांबवलं. विचारलं तर म्हणाली, "आता कुणाला ये म्हटलं की पॉइंटसाठी बोलावतेय असं वाटतं."

याच्या जवळ जाणारा एक जुना प्रयोग मानसशास्त्रात आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी १९७३ मध्ये तो प्रसिद्ध केला. बालवाडीतली तीन ते पाच वर्षांची, मुळातच चित्रं काढायची आवड असलेली मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता, चित्र झाल्यावर तेच प्रशस्तिपत्र दिलं. उरलेल्यांना काहीच दिलं नाही. पुढे मोकळ्या वेळात ही मुलं स्केचपेन किती हातात घेतात ते पाहिलं. आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र शाबूत होती. बालवाडीतल्या पोरांवरून मोठ्या माणसांबद्दल किती ठरवायचं, हा प्रश्न आहेच. पण आमची राखणदारीण काय म्हणत होती ते मला या प्रयोगावरून नीट कळलं. तेव्हापासून तिच्यासारख्यांना मी स्पर्धेत ओढत नाही. कधीतरी न सांगता तिच्या पात्राचं एखादं रेखाचित्र कुणाकडून तरी काढून घेते आणि तिच्या प्रोफाइलवर ठेवते.

मग स्पर्धाच कशाला, असं आमचा दुसरा ॲडमिन विचारतो. माझं उत्तर असं की स्पर्धेचा खरा फायदा घरातल्यांनाच होतो, जर ती जाहिरात *लिहिण्याची* असेल तर. टाकण्याची नव्हे.

बहुतेक फोरमच्या जाहिराती एकसारख्या असतात. "सक्रिय आणि मैत्रीपूर्ण मेंबर! मदतीला तत्पर स्टाफ! शब्दमर्यादा नाही! अनेक महत्त्वाची पात्रं उपलब्ध!" यात खोटं काही नाही, पण हे वाचून कुणाला एक ओळ तरी लिहावीशी वाटेल का? गेल्या खेपेला आम्ही नियम केला: शंभर शब्दांच्या आत, 'सक्रिय' आणि 'मैत्रीपूर्ण' हे शब्द बाद, उद्गारचिन्ह एकही नाही. लोक आधी कुरकुरले. मग हळूहळू मजेशीर गोष्टी यायला लागल्या. कुणी बंदरावरच्या जकात नाक्याची नोटीस लिहिली. कुणी बुडालेल्या भागातल्या घराच्या विक्रीची जाहिरात, 'भरतीच्या वेळी फक्त वरचा मजला वापरता येईल' अशा अटीसकट. आणि राखणदारिणीनं, स्पर्धेत नाव न देता, हे लिहून टाकलं:

"दीपगृहाच्या राखणदारणीला भाऊ हवा आहे. सहा वर्षांपूर्वी बोटीवर गेला, आता परततोय तो दुसऱ्याच नावानं. का, ते तुम्ही ठरवा. बहीण त्याला ओळखते की नाही हे अजून ठरलेलं नाही. तुम्ही आलात की ठरवू."

आमच्या भाषेत ही 'वॉन्टेड ॲड'. पात्र हवं असल्याची जाहिरात. हिच्यावरून आलेला लेखक आजही आमच्याकडे लिहितो, आणि त्या भाऊ-बहिणीचा थ्रेड फोरमवर सगळ्यात जास्त वाचला जातो. मी ती जाहिरात बरेचदा वाचलीय. तिच्यात फोरमबद्दल एक अक्षर नाही. येणाऱ्याला बसायला जागा आहे, त्याची वाट बघणारं एक माणूस आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग मुद्दाम मोकळा सोडलेला आहे.

हा मोकळा भाग लोकांना साधत नाही. बहुतेक वॉन्टेड ॲड मी वाचते तेव्हा लिहिणाऱ्यानं आधीच सगळं ठरवून टाकलेलं असतं. भावाचे डोळे हिरवे, डाव्या भुवईवर व्रण, आईचा राग, दारूचं व्यसन, तिसऱ्या भागात बहिणीची माफी मागतो. अशा पात्रात शिरणाऱ्या लेखकाला दुसऱ्याच्या बाहुलीचे हात हलवण्यापलीकडे काम उरत नाही. तो दोन पोस्ट लिहितो आणि एनएमआर. याच्या उलटही घडतं. कुणी हौसेनं भावाची जाहिरात टाकतं, खरंच एखादा नवा लेखक अर्ज भरून भाऊ होऊन येतो, आणि बहीणच दोन महिने गायब असते. नवख्याला यासारखा अपमान नाही. म्हणून आमचा नियम आहे: वॉन्टेड ॲड टाकणाऱ्यानं ती जागा भरल्यापासून आठवड्यात पहिली पोस्ट टाकायची. नाही जमलं तर पात्र मोकळं, नवा लेखक त्याचं काय हवं ते करू शकतो, बहिणीला मारूनही टाकू शकतो.

तर पुढच्या स्पर्धेचे पॉइंट असे. नुसत्या लिंकला शून्य. जाहिरात कुठेही टाका, त्या त्या फोरमचे नियम पाळून टाका, आम्हाला पुरावा नको. नवा मेंबर अर्जात 'इथलं कसं कळलं' या रकान्यात कुणाचं किंवा कुठल्या जाहिरातीचं नाव लिहितो त्याची नोंद होईल, पण पॉइंट तेव्हाही नाही. त्या नव्या मेंबरचा पहिला थ्रेड त्याच्या तिसऱ्या पोस्टपर्यंत पोचला की पॉइंट, आणि तो तिघांना: बोलावणाऱ्याला, नव्याला, आणि त्याच्यासोबत तो थ्रेड लिहिणाऱ्याला. शेवटच्या माणसाला आजवर कुणी काही देत नव्हतं. खरं काम तर तोच करतो. अनोळखी लेखकाची पहिली, बुजरी, जरा जास्तच अलंकारिक पोस्ट वाचून तिला मनापासून उत्तर देणं हे पन्नास जाहिराती चिकटवण्यापेक्षा कितीतरी कष्टाचं आहे.

तीन पोस्टच का? खोटं खातं काढून पहिली पोस्ट कुणीही लिहितो, दुसरीही लिहितो. तिसऱ्या पोस्टपर्यंत स्वतःशीच दोन आवाजांत गप्पा मारत राहायचा कंटाळा येतो. आणि एवढं करूनही कुणी दोन्ही बाजू छान लिहिल्या, तर मी त्याला फसवणुकीबद्दल हटकणार नाही, दुसरं पात्र देईन.

बक्षिसाबाबत माझं मत ठाम आहे: गोष्टीतली ताकद बक्षीस म्हणून द्यायची नाही. जिंकलात म्हणून तुमच्या पात्राला समुद्र वश, असं एकदा केलं की बाकीच्यांच्या कथानकांना अर्थ उरत नाही. मॉडपद तर अजिबात नाही. लिंका चिकटवण्याचा आणि भांडणं सोडवण्याचा काही संबंध नाही. जादा पात्राची परवानगीही मला पटत नाही, आहेत तीच पात्रं लोकांना झेपत नाहीत. आमच्याकडे विजेता नकाशावरच्या एका बेनाम गल्लीला नाव देतो. फुकटचं बक्षीस, पण नंतर दुसऱ्या कुणाचं पात्र पाठलागात त्या गल्लीत शिरतं, आणि नाव देणारा स्टाफला त्या पोस्टची लिंक पाठवून नाचत असतो. ज्यांना चित्रकलेची हौस आहे त्यांच्यासाठी ८८ बाय ३१ पिक्सेलच्या जुन्या बटणांची, म्हणजे साइटवर लावायच्या चिमुकल्या बॅनरांची, एक वेगळी छोटी स्पर्धा. एवढ्याशा चौकटीत बंदर, दीपगृह आणि भरती बसवायची. ती निव्वळ गंमत आहे, तिच्यातून कुणी येईल अशी आशा नाही.

एक नियम मात्र गमतीचा नाही. प्रत्येक जाहिरातीत आमचं रेटिंग असलंच पाहिजे. भाषा, शरीरसंबंध आणि हिंसा यांसाठी शून्य ते तीन असे तीन आकडे रोलप्ले फोरमवर लिहितात. आमचे ते वरच्या टोकाचे आहेत, म्हणजे अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. जो मेंबर शाळकरी मुलांच्या डिस्कॉर्ड सर्व्हरवर आमची जाहिरात टाकेल त्याची स्पर्धा तिथेच संपली. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर बहुतेक देशांत तेराव्या वर्षापासून खातं काढता येतं, त्यामुळे समोर कोण आहे हे तिथे तपासूनच बोलायचं. पॉइंटच्या नादात हे सगळ्यात आधी विसरलं जातं.

आणि स्पर्धेआधी घर आवरायचं. आठव्या पानापर्यंत पोचलेले, दोघांतच रंगलेले थ्रेड बघून नवखा माणूस दारातून परत जातो. म्हणून निदान पाच-सहा थ्रेड असे उघडून ठेवायचे की ज्यांत कुणालाही शिरता येईल: बाजारातली आग, बोट उशिरा आली म्हणून धक्क्यावर अडकलेले प्रवासी. अर्जाला मंजुरी एका दिवसात. चार दिवस अर्ज पडून राहणार असेल तर स्पर्धा घेऊच नका, तोवर तो लेखक दुसरीकडे व्हॅम्पायर होऊन गेलेला असतो.

एवढं सगळं ठरलंय. अडलंय ते एका कलमावर. जुना, गायब झालेला मेंबर कुणाच्या बोलावण्यानं परत आला तर तो नवा धरायचा का? माझं म्हणणं, अर्धा पॉइंट, त्याला आमचं बंदर आधीच माहीत आहे. दुसरा ॲडमिन म्हणतो दुप्पट, कारण त्याच्या एका परतण्यानं अर्धवट राहिलेले तीन थ्रेड एकदम सुटतात, आणि त्यांत एक माझाच आहे. मुद्दा बिनतोड आहे हे मी स्टाफ विभागात अजून कबूल केलेलं नाही. मतदान रविवारी.